स्थिरस्थावर माणसाचे मत: न्यूझीलंडचे प्रीमियर सर जॉन हॉल यांचे प्रकरण

ऑक्टोबर १८७९ मध्ये न्यूझीलंड या ब्रिटिश वसाहतीची सूत्रे प्रीमियर, म्हणजे मंत्रिमंडळप्रमुख, म्हणून जॉन हॉल या कँटरबरी प्रांतातील मेंढपाळ-जमीनदाराकडे आली, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांच्या सरकारने प्रौढ पुरुषांना सरसकट मताधिकार देणारा कायदा संमत केला. दोन वर्षांनी याच सरकारने पारिहाका या माओरींच्या, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांच्या, निःशस्त्र गावावर सुमारे १,६०० सशस्त्र माणसे पाठवली. आणखी बारा वर्षांनी हेच हॉल सभागृहात स्त्रियांच्या मताधिकाराची अवाढव्य याचिका घेऊन उभे राहिले. न्यूझीलंडच्या इतिहासात या तीन घटना बहुधा तीन वेगवेगळ्या ठिकाणी सांगितल्या जातात. पहिली संसदेच्या वाटचालीत येते, दुसरी जमीन बळकावण्याच्या इतिहासात आणि तिसरी स्त्रीमुक्तीच्या. परिणामी एकाच माणसाचे कधी मुरब्बी प्रशासक, कधी नावापुरते उरलेले मंत्रिमंडळप्रमुख आणि कधी उदार मनाचे समर्थक असे तीन तुकडे होतात. ते जोडून पाहिले तर तिन्हींच्या मुळाशी एकच धारणा दिसते, असे मला वाटते. ज्याचे घरदार आहे, जो एका जागी मुळे धरून राहतो, त्याच्याच हाती राज्य असावे, ही ती धारणा होय. मराठीत अशा माणसाला आपण ‘स्थिरस्थावर’ म्हणतो, आणि त्या शब्दातले ‘स्थावर’ जमीनजुमल्याच्या व्यवहारातही वापरतो. हॉल यांच्या राजकारणात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत.

हॉल यांचा जन्म १८ डिसेंबर १८२४ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी, समुद्रावर जहाजे चालवणाऱ्या घराण्यात झाला. शिक्षण जर्मनी, स्वित्झर्लंड आणि पॅरिस येथे झाल्यानंतर ते लंडनच्या मुख्य टपाल कार्यालयात नोकरीला लागले. १८४८ मध्ये मताधिकारासाठी चार्टिस्ट चळवळीचे हजारो कामगार लंडनमध्ये एकवटले, तेव्हा बंदोबस्तासाठी नेमलेल्या हंगामी शिपायांत हॉल यांचे नाव होते. मताधिकार मागणाऱ्यांसमोर दंडुका घेऊन उभा राहिलेला हा तरुण पुढे दोनदा मताधिकार वाढवण्यात पुढाकार घेतो, यामुळेच या कारकिर्दीकडे माझे लक्ष वेधले गेले. टपाल खात्याने त्यांना कागद नीट लावण्याची आणि पत्राला वेळेवर उत्तर देण्याची जी शिस्त लावली, ती जन्मभर टिकली. १८५२ च्या जुलैअखेरीस ‘समारंग’ जहाजातून ते लिटल्टन बंदरात उतरले.

लिटल्टनच्या डोंगराआड कँटरबरीचे विस्तीर्ण गवताळ मैदान पसरलेले आहे. न्गाइ ताहू या माओरी जमातीकडून १८४८ च्या एका खरेदीखताने सुमारे दोन कोटी एकर मुलूख अवघ्या २,००० पौंडांत घेतला गेला, त्यातच हे मैदान येते. जमातीसाठी राखलेली जमीन ६,३५९ एकर होती, आणि खतातील आश्वासने न पाळल्याबद्दलची तडजोड व्हायला १९९८ साल उजाडले. गोऱ्या वसाहतकारांपुरते पाहायचे तर जमीन धरण्याच्या दोन रीती होत्या. शेतीसाठी कायम मालकीची जमीन चढ्या दराने, म्हणजे १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एकरी दोन पौंडांनी, विकत घ्यावी लागे. मेंढ्या चारण्यासाठी मात्र हजारो एकरांचे भाडेपट्टे अत्यल्प रकमेत मिळत. भाडेपट्ट्यावरील रान दुसरा कोणी विकत घेऊ शकत असे, आणि पट्टेदाराला धास्ती असे ती याचीच. म्हणून अनेक जण पाणवठे, नदीकाठ आणि वाटेवरचे मोक्याचे तुकडे आधी खरेदी करत. काही जण तर वीस एकरांचे तुकडे अशा बेताने घेत की मधल्या पट्ट्या वीस एकरांहून लहान राहाव्यात, कारण वीसपेक्षा कमी एकरांची जमीन लिलावाशिवाय विकली जात नसे आणि चारी बाजूंनी वेढलेल्या तुकड्यासाठी बोली लावायला सहसा कोणी येत नसे. या डावाला तिकडे ‘जाळी टाकणे’ अशा अर्थाचा शब्द रूढ होता. हॉल यांनी रकाया नदीच्या खोऱ्यात होरोराटाजवळ रान घेतले; नदीकाठच्या पायऱ्यांसारख्या टप्प्यांवरून त्याला ‘टेरेस स्टेशन’ हे नाव पडले. घर बांधून, झाडे लावून, मेंढ्यांचे कळप वाढवून त्यांनी ते शेवटपर्यंत सांभाळले.

सार्वजनिक जीवनातली त्यांची चढण संथ पण अखंड होती. प्रांतिक मंडळ, १८५५ पासून प्रतिनिधिगृह, लिटल्टन आणि क्राइस्टचर्च येथील दंडाधिकारीपद, १८६२ मध्ये क्राइस्टचर्चच्या पहिल्या नगरमंडळाचे अध्यक्षपद, १८६६ ते १८६९ या काळात पोस्टमास्टर जनरल आणि मधूनमधून विधान परिषद, अशी पदे त्यांनी भूषवली. वक्तृत्वासाठी ते कधी ओळखले गेले नाहीत. कामकाजाचे नियम, आकडे आणि मसुदे यांवरील पकड हेच त्यांचे भांडवल होते.

दोन मतांची सत्ता

१८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, कर्जाचा ओघ आटला आणि लोकरीचे भाव घसरले. सरकारी कर्जाच्या जोरावर रेल्वे आणि रस्ते बांधणारी ही वसाहत अचानक मंदीत सापडली व शहरांत बेकारांच्या सभा भरू लागल्या. तेव्हाचे प्रीमियर सर जॉर्ज ग्रे हे जमीनदारांवर तुटून पडणारे, सभा जिंकणारे लोकनेते होते. जमिनीच्या मूळ किमतीवर, म्हणजे कुंपण, घर, विहीर अशा सुधारणा वगळून उरणाऱ्या मोलावर, त्यांच्या सरकारने कर बसवला होता. १८७९ च्या निवडणुकीत विरोधकांचे नेते विल्यम फॉक्स स्वतःच पडले. हॉल विधान परिषदेची जागा सोडून सेल्विन मतदारसंघातून निवडून आले होते, त्यामुळे नेतेपद त्यांच्याकडे आले. ग्रे यांचे सरकार सभागृहात दोन मतांनी कोसळले आणि ८ ऑक्टोबर रोजी हॉल प्रीमियर झाले. हे बहुमत मात्र दुसऱ्या दिवशीही टिकेल अशी खात्री नव्हती.

तोल सावरला तो ऑकलंडच्या चार सदस्यांनी. ते ग्रे यांचा गट सोडून हॉल यांच्या बाजूला आले, आणि त्यांच्या जुन्या साथीदारांनी त्यांना ‘ऑकलंडचे उंदीर’ हे कायमचे नाव बहाल केले. त्यांची अट साधी होती: ग्रे यांनी जनतेला कबूल केलेल्या सुधारणा नव्या सरकारने संमत कराव्यात. त्यामुळे जमीनदारांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या मंत्रिमंडळाने आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्रैवार्षिक संसदेचा कायदा झाला, म्हणजे पाच वर्षांची मुदत तीनवर आली; आणि मतदारांच्या पात्रतेचा कायदाही झाला.

हॉल यांनी ही केवळ नाइलाजाची तडजोड म्हणून गिळली, असे म्हणणारा पक्ष आहे, आणि दोन मतांचे गणित पाहता त्यात तथ्यही आहे. तरीही कायद्याचा मसुदा बारकाईने वाचला तर त्यावर हॉल यांचा हात दिसतो. प्रौढ पुरुषाला मत मिळे ते वसाहतीत बारा महिने आणि त्या मतदारसंघात सलग सहा महिने राहिल्यावर. लोकर कातरणीच्या हंगामात या रानातून त्या रानात जाणारे कातरकरी, रेल्वेच्या बांधावरचे मजूर, सोन्याच्या शोधात डोंगर पालथे घालणारे खाणकामगार हे कागदोपत्री मतदार झाले, पण सहा महिने एका जागी काढणे त्यांच्यापैकी कितीकांना परवडत होते? उलट २५ पौंड किमतीची मालकीची जमीन असणाऱ्याला त्या जमिनीच्या बळावरही मत मिळे. जितक्या मतदारसंघांत जमीन तितकी मते, ही जुनी सोय चालूच राहिली आणि ती १८८९ मध्येच बंद झाली. दार सर्वांसाठी उघडले खरे, पण उंबरा राहण्याच्या जागेनुसार कमी-अधिक उंच होता.

हेच सूत्र सरकारच्या इतर निर्णयांतही सापडते. ग्रे यांचा जमीन-कर रद्द झाला आणि अर्थमंत्री हॅरी ॲटकिन्सन यांनी पौंडामागे एक पेनी असा मालमत्ता-कर आणला. ५०० पौंडांपर्यंतची मालमत्ता त्यातून वगळलेली होती, पण त्यापुढे स्थावर आणि जंगम, पडीक रान आणि राबून सुधारलेले शेत, दुकानातला माल आणि कारखान्यातली यंत्रे या सर्वांना एकच दर लागला. ज्याने जमीन नुसती अडवून ठेवली होती त्याला याचा मोठाच दिलासा मिळाला. १८८० मध्ये सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात झाली. १८८१ मध्ये मतदारसंघ आखताना ग्रामीण लोकसंख्या तेहतीस टक्क्यांनी वाढवून मोजण्याची तरतूद झाली; ‘ग्रामीण कोटा’ म्हणून ओळखली गेलेली ही व्यवस्था पुढे टक्केवारी बदलत थेट १९४५ पर्यंत टिकली. त्याच वर्षी चिनी स्थलांतरितांवर माणशी १० पौंडांचा कर बसला आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकाच चिनी माणसाला उतरू देण्याची मर्यादा आली. हा कायदा त्या काळी सभागृहाच्या दोन्ही बाजूंना हवा होता, म्हणून त्याचा दोष एकट्या हॉल यांच्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. तो त्यांच्या सरकारचा कायदा होता, एवढे मात्र नोंदवायलाच हवे.

पारिहाका

‘स्थिरस्थावर माणसाचे राज्य’ ही धारणा खरोखर तत्त्व म्हणून पाळली गेली असती, तर तारानाकी पर्वताच्या पायथ्याचे पारिहाका हे वसाहतीतले आदर्श गाव ठरले असते. ते १८६० च्या दशकात वसले. ते व्हिती ओ रोंगोमाई (यातले ‘ते’ हा नावाचाच भाग) आणि तोहू काकाही हे दोघे त्याचे नेते होते. शस्त्र हाती घ्यायचे नाही हा त्यांचा दंडक होता, गावाची स्वतःची मोठी शेते होती, आणि शेजारच्या विस्थापित जमाती तेथे आश्रयाला येत होत्या. मात्र १८६३ च्या कायद्याचा आधार घेऊन १८६५ मध्ये तारानाकीची लक्षावधी एकर जमीन सरकारने जप्त केली होती, आणि गावाच्या आसपासचा सुपीक सपाट मुलूख त्यात येत होता. जप्ती कागदावर राहिली, माणसे तिथेच नांदत राहिली. १८७८ मध्ये मोजणीदार आले तेव्हा, कबूल केलेल्या राखीव जमिनी आखून न देताच विक्रीसाठी मोजणी चालली आहे, हे गावकऱ्यांच्या लक्षात आले.

मे १८७९ मध्ये, ग्रे यांच्या कारकिर्दीतच, माओरी नांगरकरी बैलजोड्या घेऊन गोऱ्या वसाहतकारांच्या कुरणांत शिरले आणि त्यांनी सरळ तासे ओढायला सुरुवात केली. अटक झाली की कोणी प्रतिकार करत नसे. नांगर दुसरा धरी, मग तिसरा. जमीन जो नांगरतो तो तिच्यावर हक्क सांगतो, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. बांधावरून भांडणाऱ्या आपल्या गावांनाही ही भाषा कळली असती. हॉल सत्तेवर आले तेव्हा हे कैदी तुरुंगात होते, आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्या मंत्रिमंडळापुढे आला. उत्तर म्हणून कायद्यांमागून कायदे झाले. आधी खटले पुढे ढकलण्याचा, मग १८८० मध्ये खटल्याविनाच कोठडी चालू ठेवण्याचा. त्या वर्षी सरकारने गावच्या पिकांतून रस्ता काढताना कुंपणे तोडली, गावकऱ्यांनी ती पुन्हा बांधली, आणि कुंपण बांधणारेही तुरुंगात गेले. चारशेहून अधिक माणसे दक्षिण बेटावर पाठवली गेली. काहींना लिटल्टन बंदरातल्या रिपापा बेटावर ठेवले होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हॉल ज्या पाण्यातून किनाऱ्याला लागले, पुढे ज्या गावात दंडाधिकारी म्हणून बसले आणि कायद्याने आरोपीला दिलेले संरक्षण रोज हाताळत होते, तेथेच आता खटल्याविना डांबलेली माणसे होती. हा योगायोग त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आला असेल, असे मला राहून राहून वाटते.

जमिनीच्या तक्रारींसाठी आयोग नेमला गेला, पण त्यावर फॉक्स आणि फ्रान्सिस डिलन बेल होते. दोघेही १८६० च्या दशकात या वादाला जन्म देणाऱ्या मंत्रिमंडळांत बसलेले होते, आणि तिसरे सदस्य म्हणून नेमलेल्या होने मोही ताव्हाई या माओरी प्रतिनिधीने याच कारणास्तव काम करण्यास नकार दिला. आश्वासने मोडली गेली हे आयोगाने मान्य केले, तरी जप्तीच्या वैधतेला त्याने हात लावला नाही.

हॉल यांच्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट येथे आहे. माओरी खात्याचे मंत्री जॉन ब्राइस यांनी पारिहाकावर चाल करून जाण्याची परवानगी मागितली तेव्हा मंत्रिमंडळाने ती नाकारली, आणि जानेवारी १८८१ मध्ये ब्राइस यांनी राजीनामा दिला. विल्यम रोलस्टन हे सौम्य वृत्तीचे गृहस्थ त्यांच्या जागी आले. परंतु नऊ महिन्यांनी निवडणूक समोर आली, ते व्हितींच्या एका भाषणाच्या बातम्यांनी तारानाकीचे वसाहतकार हवालदिल झाले, आणि गावाविषयी सहानुभूती बाळगणारे गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन फिजीला गेलेले होते. गॉर्डन परतत असल्याची कुणकुण असतानाच १९ ऑक्टोबरच्या रात्री हंगामी गव्हर्नर म्हणून काम पाहणारे सरन्यायाधीश जेम्स प्रेंडरगास्ट यांच्यापुढे कार्यकारी मंडळाची बैठक झाली. चौदा दिवसांत सरकारच्या अटी मान्य कराव्यात, असा जाहीरनामा निघाला. रोलस्टन यांनी त्यावर सही करून पद सोडले आणि ब्राइस पुन्हा मंत्री झाले. त्याच रात्री गॉर्डन यांचे जहाज बंदराला लागले, पण तोवर कागद पुरा झाला होता. कागदपत्रांत इतक्या चोख असणाऱ्या प्रीमियरच्या देखरेखीखाली ही घाई झाली, म्हणून ती अनवधानाने घडली असे मानता येत नाही.

५ नोव्हेंबर १८८१ रोजी सकाळी सैन्य गावात शिरले तेव्हा वाटेवर लहान मुले गाणी म्हणत बसलेली होती, मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, आणि आलेल्यांसाठी बायकांनी पाचशे पाव भाजून ठेवले होते. टेकडीवर तोफ रोखलेली होती. दोन हजारांहून अधिक माणसे मोकळ्या सभास्थानी निमूट बसून होती. ते व्हिती आणि तोहू यांना नेले गेले. पुढच्या आठवड्यांत सुमारे १,६०० माणसांना गावातून हाकलण्यात आले, घरे पाडली गेली, पिके तुडवली गेली. वार्ताहरांना प्रवेशबंदी होती, तरी काही जण लपून आत पोहोचले होते म्हणून हे तपशील त्याच वेळी बाहेर आले.

९ डिसेंबरला, नव्या मताधिकारानुसारची पहिली आणि एकाच दिवशी सर्वत्र झालेली सार्वत्रिक निवडणूक पार पडली आणि हॉल यांचे सरकार टिकले. प्रकृती खालावल्याने त्यांनी एप्रिल १८८२ मध्ये पद सोडले, त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ते व्हिती आणि तोहू यांना त्याच सुमारास क्राइस्टचर्चला आणून ठेवले होते. त्यांच्यावर खटला चाललाच नाही, आणि १८८३ मध्ये ते परत गेले.

झाडूच्या दांड्यावरची याचिका

१८८७ मध्ये हॉल पुन्हा निवडून आले. आता सत्तेची आकांक्षा उरली नव्हती. स्त्रियांचा मताधिकार हे त्यांनी उरलेल्या कारकिर्दीचे काम ठरवले. क्राइस्टचर्चच्या केट शेपर्ड या दारूबंदी संघटनेच्या वतीने चळवळ चालवत होत्या आणि त्यांना सभागृहात कसलेला माणूस हवा होता. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. कोणत्या सदस्याला कधी भेटावे, याचिका कोणत्या टप्प्यावर यावी, हे सारे त्यातून ठरत गेले. ऑगस्ट १८९० मध्ये हॉल यांचा ठराव ३७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. १८९१ मध्ये नऊ हजारांवर सह्यांची याचिका घेऊन त्यांनी विधेयक आणले. वॉल्टर कार्नक्रॉस या सदस्याने त्यात स्त्रियांना संसदेवर निवडून येण्याचाही हक्क घालणारी दुरुस्ती केली, ती विधान परिषद बिथरावी म्हणूनच. आणि झालेही तसेच, १७ विरुद्ध १५ मतांनी विधेयक पडले. निवडून येण्याचा तो हक्क मिळायला १९१९ साल लागले, आणि पहिली स्त्री खासदार, एलिझाबेथ मॅकोम्ब्स, १९३३ मध्ये निवडून आल्या त्या लिटल्टनमधून.

हॉल यांचा हेतू काय होता? न्यायबुद्धी होतीच, पण राजकीय हिशेबही होता आणि तो त्यांनी लपवला नाही. घरसंसार असलेल्या वसाहतकाराचे वजन वाढेल आणि ठिकाणा नसलेल्या एकट्या पुरुषांच्या मतांना आळा बसेल, अशी त्यांची मांडणी होती. मजुरांच्या पाठबळावर लिबरल पक्ष १८९१ मध्ये सत्तेवर आलेला होता, हे त्यामागे होतेच. कुटुंबाच्या घरात एकाऐवजी दोन मते, फिरत्या मजुराकडे एकच. म्हणजे १८७९ मध्ये सहा महिन्यांच्या वास्तव्याची अट जे काम करत होती, तेच काम आता गृहिणीचे मत करणार होते. हेतूत हिशेब होता म्हणून त्यांनी घेतलेल्या सहा वर्षांच्या कष्टांचे मोल कमी होते, असे मला वाटत नाही.

दारूच्या व्यापाऱ्यांच्या बाजूने डनेडिनचे हेन्री फिश यांनी उलट याचिका गोळा केली, तीत पैसे देऊन मिळवलेल्या आणि खोट्या सह्या निघाल्या. १८९३ मध्ये स्त्रियांनी निर्णायक याचिका तयार केली; सर्व याचिका मिळून जवळपास ३२,००० सह्या झाल्या. मुख्य याचिकेचे ५४६ कागद शेपर्ड यांनी आपल्या घरी एकाखाली एक चिकटवले आणि झाडूच्या दांड्याच्या तुकड्याभोवती गुंडाळले. हॉल यांनी ती गुंडाळी सभागृहात नेली आणि मधल्या वाटेवर सोडली. कागद उलगडत गेला आणि दांडा पलीकडच्या भिंतीवर आपटला. ६८ वर्षांच्या, भाषणाने सभा न जिंकणाऱ्या या माणसाला त्या दिवशी भाषणाची गरजच पडली नाही.

नवे प्रीमियर रिचर्ड सेडन यांना हा मताधिकार नको होता. परिषदेत विधेयक पाडण्यासाठी त्यांनी सदस्यांवर जी दडपणे आणली त्यांनी दोन विरोधक इतके चिडले की त्यांनी आपले मत फिरवले, आणि ८ सप्टेंबरला २० विरुद्ध १८ मतांनी विधेयक संमत झाले. हॉल यांचे स्वतःचे विधेयकही सभागृहात होते, पण सरकारी विधेयक मार्गी लागते आहे असे दिसताच त्यांनी आपले श्रेय सोडले. १९ सप्टेंबर १८९३ रोजी गव्हर्नर लॉर्ड ग्लासगो यांनी सही केली आणि ती लेखणी केट शेपर्ड यांच्याकडे गेली. २८ नोव्हेंबरला नव्वद हजारांहून अधिक स्त्रियांनी मतदान केले. कायदा माओरी स्त्रियांनाही लागू होता. ज्यांच्या पाडलेल्या घरांचा हिशेब बाकी होता अशा पारिहाकाच्या स्त्रियाही त्यात आल्या.

हॉल यांनी ती निवडणूक लढवली नाही. १९०६ मध्ये क्राइस्टचर्चला भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी नगराध्यक्षपद स्वीकारले आणि २५ जून १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी सभागृहात उलगडलेली ती याचिका मे २०१७ पासून वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात १८४० मध्ये झालेल्या वैतांगीच्या कराराशेजारी, काचेमागे मांडलेली आहे. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, जून २०१७ मध्ये, सरकारचे प्रतिनिधी पारिहाकाच्या सभास्थानी गेले आणि १८८१ मध्ये तेथे जे केले गेले त्याबद्दल त्यांनी गावाची औपचारिक माफी मागितली.